शॉकअप, शंकरपाळे आणि देवगिरी

यादवांचा देवगिरी कित्येक शतकं टिकला. मी केलेला देवगिरी आमच्या घरापासून गंगापूरपर्यंतसुद्धा टिकला नाही, आणि तो मीच पाडला.

चिनू आणि मीरा, तुमची आई तुम्हाला फोनवर ही गोष्ट अर्धी सांगते आणि मग हसत सुटते. म्हणून मी ती पूर्ण आणि क्रमाने लिहून पाठवते आहे. कोणत्याही कामात क्रम महत्त्वाचा असतो, असं मी तेहतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवताना सांगत आले. पुढे काय झालं ते वाचून हे वाक्य विसरलात तरी चालेल.

तुमचा समीरमामा रोज वाळूजच्या कारखान्यात ज्या गाडीने जातो, ती दिसायला साधी छोटी गाडी असली तरी आतून शर्यतीची आहे. इंजिन जोरदार, पण वळणावर ती एका बाजूला कलायची. मग समीरने पडेगावच्या शफीकभाईंच्या गॅरेजमध्ये चाकांचे हादरे झेलणारे चारही शॉकअप बदलून घेतले. शिवाय बॉनेटखाली, या बाजूच्या शॉकअपच्या डोक्यापासून त्या बाजूच्या डोक्यापर्यंत, एक लाल लोखंडी दांडा आडवा बसवला. त्यामुळे गाडीचं अंग पिळवटत नाही म्हणे. (हात पुसायचा टॉवेल वाळत घालायला तो दांडा उत्तम आहे. समीरने घालू दिला नाही.)

त्या दिवशी आजोबा आणि मी सोबत गेलो होतो. नव्या शॉकअपच्या डोक्यावर एकेक छोटा नॉब होता. तो फिरवला की टक्‌ टक्‌ वाजतो आणि शॉकअप कडक किंवा मऊ होतो. शफीकभाईंनी सोबतचा कागद माझ्यापुढे धरला.

"मॅडम, सब अंग्रेजी में लिखेला है. मेरेको काम मालूम है, फिर भी एक बार पढ के बताव ना. बाद में कंपनीवाले बोलते, तुमने कागद नहीं पढा."

मी पहिलं पान खणखणीत आवाजात वाचलं. नॉबला शून्य ते वीस असे टप्पे आहेत, रोजच्या वापरासाठी दहावर ठेवावा. शफीकभाईंनी दहावर ठेवला. मी वहीत टिपून घेतलं. कागदाला दुसरं पानही होतं, पण पहिलं पान नीट वाचलं की दुसऱ्याची गरज पडत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

घरी येताना प्रत्येक गतिरोधकाने माझी वैयक्तिक चौकशी केली.

"आई, गाडी आता कशी रस्त्याला चिकटून चालते बघ," समीर खुशीत म्हणाला.

"चिकटू दे. पण रस्त्यावर जे जे आहे ते सगळं मला कळायलाच हवं का?"

आजोबा मागून म्हणाले, "मला तर रस्त्यावरचा पट्टा नुसता रंगवलेला आहे की उंच आहे, हेसुद्धा डोळे मिटून सांगता येतंय."

आता किल्ल्याकडे येते. माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची गंगापूरची मालतीआजी, हिच्या शुभदाचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. लग्नात नवरीकडचे लोक टेबलावर फराळाचे आणि शोभेचे पदार्थ मांडतात, त्याला रुखवत म्हणतात. नवऱ्याकडची मंडळी ते हात मागे बांधून बघतात आणि मनातल्या मनात गुण देतात. त्या रुखवतासाठी देवगिरीचा किल्ला करायचं मी स्वतःहून कबूल केलं होतं. बुंदीच्या लाडवांचा डोंगर, शंकरपाळ्यांचा तट, चिरोट्यांचे बुरूज आणि एकावर एक पेढे रचून चांदमिनार. सगळं गुळाच्या पाकाने चिकटवलेलं. मालतीने मधलं मोठं टेबल त्यासाठी रिकामं ठेवलं होतं आणि सोयगावच्या व्याह्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "आमच्या जाऊबाई येणारंत. किल्ला बघाच तुम्ही." म्हणजे माझा किल्ला पोचला नाही तर त्या रिकाम्या टेबलाशेजारी मालतीला उभं राहावं लागणार होतं.

वाळलेला पाक काचेसारखा असतो. दहावरची गाडी त्याला झेपणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी समीर अंघोळीला गेल्यावर मी बॉनेट उघडलं. वीस म्हणजे सर्वांत कडक, तर शून्य म्हणजे कडकपणा काहीच नाही. हिशेब सरळ होता. मी पुढचे दोन नॉब टक्‌ टक्‌ करत पार अडेपर्यंत फिरवून शून्यावर आणले. मग डिकीतली झाकणं काढून मागचे दोन. वहीत लिहिलं : चारही शून्यावर. हात धुतले आणि केसांत गजरा माळला.

किल्ला पाटावर होता. पाट गोधडीवर, गोधडी मागच्या सीटवर, आणि शेजारी दोन्ही हातांनी पाट धरून आजोबा. मला मागे बसलं की मळमळतं, म्हणून मी पुढे.

गल्लीच्या तोंडाशीच समीर म्हणाला, "आज गाडी जरा जास्तच कडक वाटतेय."

"थंडीने आखडली असेल," मी म्हणाले.

छावणी ओलांडेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की शॉकअप मऊ असतात तेव्हा असंच वाटत असावं. वाळूजच्या अलीकडे एका खड्ड्यात माझे दात एकमेकांवर आपटले. मागून आजोबांचा शांत आवाज आला.

"चांदमिनार गेला."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"बराचसा माझ्या खिशात."

"अहो, मग काढा आणि परत लावा."

"कशाने लावू? माझे दोन्ही हात तटाला आहेत." थोड्या वेळाने ते म्हणाले, "उत्तरेचा बुरूज खाली येतोय." मग आणखी थोड्या वेळाने, तोंडात काहीतरी असल्यासारखे, "आता नाही येत."

"समीर, हळू चालव ना."

"आई, आपल्याला उसाचा ट्रॅक्टर मागे टाकून गेला. याहून हळू म्हणजे थांबावंच लागेल."

आणि तो खरंच थांबला. उतरला, बॉनेट उघडलं, मग डिकी, बराच वेळ वाकून बघत राहिला. मग खिडकीशी आला.

"आई, हे शून्यावर कोणी आणले?"

"हादऱ्यांनी आपोआप फिरले असतील."

"चारही? एकसारखे?"

मी समोरच्या उसाकडे बघत म्हटलं, "मी मऊ करायला गेले होते."

"शून्य म्हणजे सगळ्यात कडक असतं, आई. पूर्ण कसल्यावर तिथून मोजायला सुरुवात करतात. कागदावर लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?"

"दुसऱ्या पानावर."

आजोबा मागे हसले नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर केलेला हा सर्वांत मोठा उपकार. अर्थात त्यांच्या तोंडात तेव्हा दक्षिणेचा तट होता.

समीरने चारही शॉकअप मऊ केले आणि उरलेला रस्ता गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. पण आता सांभाळायला फारसं काही उरलं नव्हतं.

मांडवाच्या दारात मालती ओवाळायच्या उत्साहाने पुढे आली आणि पाटाकडे बघून थबकली.

"जाऊबाई, ह्यो डोंगर तर झकास झालाय. किल्ला मागून येतोय व्हय?"

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून तीन पेढे काढून तिच्या हातावर ठेवले.

मालतीने पदराने कपाळ टिपलं आणि हळूच म्हणाली, "जाऊ द्या. वऱ्हाड वेशीपाशी आलंय. ठेवा हाय तसंच. टेबल रिकामं नको." आम्ही दोघींनी पाट मध्ये नेऊन ठेवला. मी भराभर सांडलेले शंकरपाळे डोंगराच्या पायथ्याशी लोटले. निदान स्वच्छता तरी दिसावी.

वऱ्हाड आलं. नवऱ्या मुलाचे आजोबा, पांढरी टोपी घातलेले सोयगावचे शेतकरी, हात मागे बांधून एकेक टेबल बघत माझ्यापुढे आले. वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकले. मालतीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"ह्यो देवगिरी ना?"

"हो," मी म्हणाले.

"कुणी केला?"

मालतीने एका क्षणाचाही विलंब न करता माझ्याकडे बोट दाखवलं.

"लोकं किल्ला करत्यात तर नवाकोरा करत्यात," ते मागच्या मंडळींना म्हणाले. "ह्या बाईंनी जसा आज हाय तसा केला. तट कुठं ढासळलाय, बुरूज कुठं खचलाय, पायथ्याला दगडं कशी पडल्यात, समदं बराबर. लई अभ्यास लागतो ह्याला."

मालतीने माझं मनगट सोडलं आणि लगेच आवाज चढवला. "मंग? तेहतीस वर्षं कॉलेजात शिकवलंय आमच्या जाऊबाईंनी."

मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पण जेवणं झाल्यावर सोयगावचे ते आजोबा पुन्हा मला शोधत आले. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीचं लग्न होतं. त्यांना असाच किल्ला हवा होता, अगदी असाच. मालती शेजारीच उभी होती, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

मी पुन्हा सगळं रचलं. मग बुरूज पाडायला बसले. पहिला हाताने पाडला, तर उंदराने कुरतडल्यासारखा दिसला. दुसरा उलथन्याने पाडून पाहिला, तो इतका नीटनेटका पडला की मुद्दाम पाडल्याचं लांबूनही कळावं. दोन दिवस माझी शिस्त आडवी येत राहिली. तिसऱ्या दिवशी मी समीरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"समीर, चारही शून्यावर आण आणि मला नि किल्ल्याला वाळूजपर्यंत एक चक्कर मारून आण."

त्याने किल्ली उचलली. आजोबा रिकाम्या खिशांचा सदरा घालून आधीच मागच्या सीटवर बसले होते.

सोयगावला सगळ्यांनी पुन्हा माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं, आणि मी पुन्हा मान खाली घातली.