मिस्त्रीची वाफ

हळद शिजायला लागली की आमच्या शिवारातली दुपार जरा सैल होते. वाफ वर जाते, पण फार वर नाही. बाभळीच्या उंचीवर थबकते आणि खाली उतरून माणसांच्या खांद्यांवर बसते. वास मातीचा, थोडा औषधाचा, थोडा लग्नघराचा. शिरड शहापूरकडच्या माझ्या शेतात बांधावर बसून अशा कितीतरी दुपारी मी अर्धे डोळे मिटून काढल्या आहेत. मांडीवर पुस्तक असतं, पान उलटत नाही. समोरची माणसं आधी कमरेपासून वरच दिसतात, मग लोट आला की नुसती डोकी, मग तीही नाहीत. अशा वेळी कुणी हाक मारली तर ती कुठल्या वर्षातली आहे हे क्षणभर कळत नाही.

पूर्वी हे काम काहिलीत व्हायचं. काहील म्हणजे चार माणसं आत मावतील एवढी लोखंडी कढई. खालची हळकुंडं गाळ व्हायची, वरची कच्ची राहायची, आणि मधल्यांसाठी बाया दिवसभर जाळासमोर उभ्या. आमच्याकडे येणाऱ्या टोळीची मुकादम, जिला सगळा गाव मावशी म्हणतो, तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा एक नकाशाच आहे. तो कसा उमटला हे ती सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "हळद लागली."

मग मिस्त्रीनं कुकर केला. मिस्त्रीचं औंढ्याच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. शिक्षण सातवी, हात पदवीधराचे. मधे पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला चार पिंपं. पिंपांत हळद भरायची, टाकीतली वाफ पाइपातून पिंपांत सोडायची. ना ढवळणं, ना गाळ. चाकं लावून हे सगळं ट्रॅक्टरमागे जोडलं की या शेतातून त्या शेतात. टाकीच्या डोक्यावर एक झडप, झडपेवर आडवी दांडी, दांडीच्या टोकाला लोखंडाचा गोळा. आत वाफ जास्त झाली की दांडी उचलली जायची, फुस्स व्हायचं, दांडी परत बसायची. "जास्तीची वाफ आपली आपण निघून जाती, सर," मिस्त्री मला म्हणाला होता. मला सर म्हणतात कारण मी औंढ्याला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. 'सरकारी नियमन: फायदे व तोटे' हा माझा हातखंडा धडा. पाच गुणांचं उत्तर, तीन फायदे, दोन तोटे, शेवटी 'समतोल साधला पाहिजे' लिहिलं की कुणीही पास.

यंदाच्या प्रजासत्ताक दिनी मिस्त्रीचा सत्कार झाला. ग्रामीण संशोधक म्हणून. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि भाषणात हळदीला सोनं म्हणून मोकळे झाले. मिस्त्रीला शाल मिळाली, लाल कापडात बांधलेला नारळ मिळाला, आणि मोठ्या साहेबांच्या सहीचं चौकटीतलं प्रमाणपत्र. फोटोवाल्यानं घाईघाईनं सगळ्यांना ओळीत उभं केलं. आपल्याकडे माणसानं काही नवीन केलं की त्याच्या अंगावर आधी शाल पडते. उकाड्याचा विचार कुणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेतात भट्टी पेटवायची होती. मावशीनं कुकरला हळदकुंकू लावलं, दाब दाखवणाऱ्या काट्याच्या काचेलाही लावलं, आणि मिस्त्रीच्या पिशवीतला तो सत्काराचा नारळ काढला.

"हा कुटं न्यायला काढलास? मान यंत्राचा हाय, तुझा न्हाई."

मिस्त्री हसला. मावशीनं शिडी लावायला सांगितली, वर चढली, आणि नारळ बांधायला एकच जागा बरी दिसली तिथं बांधला: दांडीच्या टोकाला, गोळ्याशेजारी.

त्या दिवसापासून कुकर भराभर शिजवायला लागला. हे मी स्वतः पाहिलं. चार पिंपांना लागणाऱ्या वेळात पाच होऊ लागली. आणि मधूनमधून होणारं ते फुस्स बंद झालं. बाया म्हणाल्या, देव पावला. मिस्त्री म्हणाला, यंत्र रुळलं. मी ढीग लवकर संपतोय म्हणून खूश होतो.

दहा-बारा दिवसांनी मिस्त्री एक सरकारी कागद घेऊन कॉलेजात आला.

"सर, हे वाचा बरं. मला वाटलं आनखी एक सत्कार हाय."

कागदात लिहिलं होतं की विषयांकित बाष्पक तपासणीसाठी उपलब्ध ठेवावे, त्रुटी आढळल्यास ते मोहोरबंद करण्यात येईल.

"बाष्पक म्हंजे?"

"तुमचा कुकर."

"मंग कुकर म्हनायला काय झालतं?"

"कुकरला कायदा लागत नाही. बाष्पकाला लागतो."

तो बाकावर बसला. दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात असाच एक कुकर फुटल्याचं त्यानं ऐकलं होतं. कंपनीचा होता की गावातला, हे त्याला माझ्याकडून हवं होतं. ते कागदात नव्हतं. "आपला फुटत न्हाई, सर," तो म्हणाला. "म्या जोडलाय." मग कागदाची घडी घालत, "मोहोर लावली तर? दुकानात दोन अर्धे करून ठेवलेत. सेनगावकडच्या लोकांचे. आन तुमचा निम्मा ढीग पडलाय."

उकरलेली हळद पडून राहिली तर खराब होते, हे मला सांगायची गरज नव्हती. पण त्याचा चेहरा ढिगासाठी उतरला नव्हता. हे एकच यंत्र त्यानं कुणाचं न बघता केलं होतं.

तपासणीचे साहेब ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आले. इथंच माझी पहिली निराशा झाली. मी त्यांच्यावर हसायची तयारी करून बांधावर बसलो होतो. गाडी, मागेपुढे चार माणसं, रुबाब असं काहीतरी धरून. आला एक सडपातळ माणूस, स्वतःची पाण्याची बाटली आणि एक छापील फॉर्म घेऊन. कुकर चालूच होता. त्यांनी चपलांची माती झटकली आणि विचारलं, "याचं ड्रॉइंग आहे?"

"डोक्यात हाय," मिस्त्री म्हणाला.

"पत्र्याची जाडी?"

"चांगली हाय."

"किती?"

मिस्त्रीनं चिमूट दाखवली. साहेबांनी चिमटीकडे नीट पाहिलं आणि रकाना कोरा ठेवला.

"वेल्डिंगचं प्रमाणपत्र?"

मिस्त्रीचा चेहरा उजळला. तो ट्रॅक्टरकडे धावला आणि पंच्यात गुंडाळलेली चौकट घेऊन आला. साहेबांनी प्रमाणपत्र शेवटपर्यंत वाचलं, 'उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' सुद्धा. "हे आमच्या खात्याचं नाही."

"मोठ्या साहेबाची सही हाय की."

"हो, ती आहे," ते म्हणाले आणि चौकट दोन्ही हातांनी परत दिली. एका सरकारनं शाल घातली होती, दुसरं फॉर्म भरत होतं, आणि दोघांची ओळख नव्हती. मी मनातल्या मनात हे वाक्य वर्गासाठी जपून ठेवलं.

मग ते काट्यापाशी गेले. काच हळदीकुंकवानं भरलेली. त्यांनी रुमाल काढून पुसली आणि तसेच थांबले.

"काटा लाल रेघेच्या पलीकडे आहे."

"ते कुकू आसल," मावशी म्हणाली.

"कुंकू पुसलं मी, मावशी. ही रेघ आहे."

त्यांनी मान वर केली. "तिथं वर काय बांधलंय?"

"हात लावू नका, साहेब. देवाचं हाय."

"कुणी बांधलं?"

"म्या. काहून?"

"हे बांधल्यापासून हळद लवकर शिजते का?"

मावशीला आपला माणूस भेटल्यासारखं झालं. "व्हय! बराबर वळखलं. पावलाय त्यो."

साहेब हसले नाहीत. आवाज न चढवता म्हणाले, "सगळ्यांनी त्या बाभळीच्या मागं जा. पुस्तकवाले, तुम्ही पण." मग मिस्त्रीला, "आधी जाळ ओढा."

मिस्त्रीनं लाकडं बाहेर ओढली. शिडीकडे निघाला तर साहेबांनी दंड धरला. "वर नाही. लांबून." शेवटी लांब काठीला विळा बांधला आणि मिस्त्रीनं मातीत पाय रोवून ते लाल कापड कापलं. नारळ पडला. दांडी उडाली. जो आवाज झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. एवढंच आठवतं की आवाजाच्या मागोमाग सगळं पांढरं झालं. बाभूळ गेली, बाया गेल्या, माझे हात मला दिसेनात. किती वेळ, कुणास ठाऊक. मला एवढंच वाटलं की कुणीतरी एक प्रचंड दूध उतू घालतंय आणि आपण त्यात आहोत. भीती वाटली नाही. ती नंतर, रात्रीच्या जेवणाच्या वेळी आली.

वाफ विरली तेव्हा साहेब लिहीत होते आणि मिस्त्री जमिनीवर बसलेला होता.

"म्याच जोडलीय ती झडप," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "रोज दिसून राहिला व्हता नारळ. लवकर शिजाया लागलं म्हनून म्या इचारलंच न्हाई."

मावशी टाकीजवळच्या सावलीकडे बघत होती. तिथं बायांच्या भाकरीच्या फडक्यांची गाठोडी होती. "आन आमी पंधरा दिस तितंच बसून जेवून राहिलो," ती म्हणाली.

चहा झाला. साहेबांनी फॉर्म मला वाचू दिला. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी: नाही. नकाशा: नाही. जाडी: माहीत नाही. नारळासाठी रकाना नव्हता. कुकरला मोहोर लागणार होती ती पट्टी नाही म्हणून. आणि पट्टी असलेल्या, कंपनीच्या यंत्रालाही मावशीनं तितक्याच भक्तीनं नारळ बांधला असता. मी हे बोलून दाखवलं. साहेब म्हणाले, "खरं आहे. पण फॉर्म नसता तर मी आलो नसतो." मीही दुकानातून मसाल्याची पुडी घेताना मागचा बारीक परवाना नंबर बघतो आणि समाधान पावतो. त्या नंबराच्या मागे कोण कुणाच्या शेतात कधी गेलं होतं, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

निघताना ते मिस्त्रीजवळ उभे राहिले. "झडप काढून टाका. तिथं एक जाड उघडा पाइप लावा, वर आभाळापर्यंत मोकळा. पिंपांची झाकणं पण सैल ठेवा. मग आत दाबच होणार नाही. आणि दाबच नसेल तर माझं इथं काम नाही. मी उद्या येतो. मोहोर आणतो सोबत."

ते गेल्यावर मिस्त्री माझ्याकडे आला. "सर, उघडा पाइप म्हंजे नुसता चहाचा टोप झाला. माझं काय राहिलं त्यात? दाबानंच तर शिजत व्हतं."

मी समतोलाबद्दल काहीतरी बोलणार होतो. मावशी मधे पडली.

"पाइप लावल्यावर फुटल का?"

"न्हाई."

"मंग?"

"येळ लागल, मावशी."

"काहिलीइतका?"

"तितका न्हाई."

"मंग घाई कुनाला हाय? तुला हाय. फोटोवाल्याला हाय. ह्या सराला हाय, ढीग ह्याचा हाय. घाई असती तर लोकांनी मेथी लावली असती, नऊ महिन्याची हळद कशाला लावली असती?"

बाया हसल्या. मिस्त्री हसला नाही. मलाही हसू आलं नाही, कारण तिनं बरोबर बोट ठेवलं होतं. वेग माझ्या सोयीचा होता. टाकीजवळ त्या बसायच्या, आणि मी बांधावर, पुस्तकासकट, सुरक्षित अंतरावर.

सकाळी मिस्त्री उजाडताच आला. त्यानं झडप कापली, दांडी आणि गोळा ट्रॅक्टरवर टाकले, आणि त्या भोकावर पुरुषभर उंचीचा पाइप जोडला. जोड घालताना मी त्याचा चेहरा पाहिला नाही, तोंडासमोर वेल्डिंगची काळी काच होती. साहेब आले, पाइपाच्या तोंडाकडे बघितलं, झाकणं हलवून पाहिली, एक ओळ लिहिली आणि मोहोर न काढताच गाडीत बसले. फोटो कुणी काढला नाही.

सेनगावकडच्या लोकांनी मात्र अर्धे कुकर उचलले नाहीत. पट्टीवालं यंत्र बाहेरून आणलं. ते दोन सांगाडे दुकानासमोर उभे आहेत आणि त्यांच्यावर मिस्त्रीची बायको पापड वाळवते.

पहिलं पिंप त्या दिवशी खरंच उशिरा झालं. पाइपातून वाफ सरळ, निवांत वर चालली होती, आवाज नाही, काही नाही. दुपार पुन्हा सैल झाली. बाया आधी इकडेतिकडे बघत बसल्या, मग एकेक करून कुकरजवळच्या उबेला आडव्या झाल्या. मावशी हात उशाला घेऊन झोपली. सगळ्यांचे पिवळे तळवे एका ओळीत दिसत होते. माझेही डोळे मिटत होते. मिस्त्री तेवढा जागा होता. पाइपाखाली उभा राहून, मान वर करून, तो आपली वाफ आभाळात वाया जाताना बघत होता. आणि बायांची झोप मोडू नये म्हणून भट्टीत लाकूड हलकेच, हातानं सरकवत होता.