बर्फातली गाडी आणि नानांचे पाय

हे लिहायला घेण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि मी स्वतः दुसऱ्या वर्षाला आहे. लिहिण्याइतकं मी वाचलेलं नाही. वर्गात हात वर करायलाही मला वेळ लागतो. पण एका माणसाबद्दल कुणाला तरी सांगायचं होतं आणि तोंडी सांगायला गेलो की समोरचा आधी बर्फाचे फोटो मागतो. म्हणून लिहितो आहे.

बारावीनंतर मी यावल तालुक्यात पोकलेन चालवत होतो. शेततळी, नाले, कुणाच्या केळीच्या बागेत चर. धुळ्याचा एक सुपरवायझर हिमालयात विजेचे टॉवर उभे करायच्या कामासाठी माणसं गोळा करत होता. पट्ट्याची मशीन चालवता येते का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणालो. तिथे गेल्यावर कळलं की चालवायची गाडी वेगळीच आहे. रुंद रबरी पट्ट्यांची, बर्फावर न बुडता चालणारी. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. कॅम्पपासून टॉवरपर्यंत नट-बोल्ट, तारा टांगायच्या चिनी मातीच्या चकत्या, डिझेल, जेवणाचे डबे आणि माणसं, सगळं त्याच गाडीने जायचं.

सुरुवातीला माझं सगळं उलटं होत होतं. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात मशीन घातली, तर आधीच्या चाकोरीत परत जायचं नसतं. तिथे चिखल झालेला असतो, मशीन रुतते. बर्फात जुनी चाकोरी म्हणजेच रस्ता. गाडी जाऊन जाऊन तिथला बर्फ दाबला गेलेला, टणक झालेला असतो. वीतभर बाजूला गेलं की गाडी कलंडते. नवा बर्फ पडून चाकोरी झाकली गेली, की खालचा टणकपणा सीटवर बसल्या बसल्या बुडाला जाणवतो त्यावरून चालायचं. मला ते जमायला वेळ लागला.

दिवसभर मी एकटा असायचो. माणसांना टॉवरखाली सोडलं, की पुन्हा खाली येऊन दुसरा माल. इंजिन बंद केलं की कानात आवाज राहायचा आणि मग तोही जायचा. घरी मका वाळत घातला असेल, दारासमोरून दुधाची गाडी गेली असेल, असं काहीबाही मनात आणायचो. फोनला रेंज एका वळणावरच मिळायची. तिथे थांबून आईला फोन केला, तर ती जेवलास का विचारायची. मी जेवलो म्हणायचो. मग पुन्हा गाडी सुरू करायचो.

टॉवरवर चढणाऱ्यांत सर्वांत मोठे नाना होते. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याकडचे. अहिराणी सोडून दुसरं बोलायचे नाहीत. सुपरवायझरशीही नाही. सकाळी केबिनमध्ये माझ्याशेजारी बसायचे आणि रोज एकदा तरी म्हणायचे, "तू केळीना बागमाधला, तुले थंडी काय माहीत?"

"नाना, तुमच्याकडे तरी कुठे बर्फ पडतो?"

"आमनाकडे काहीच पडत नही. पाऊस बी नही."

एकदा मी विचारलं, या वयात कशाला चढता, गावी शेत नाही का. ते म्हणाले, "माले वावर नही. मनं वावर म्हंजे ह्या दोन पाय." मग पायातली चप्पल हलवावी तसे बूट हलवून दाखवले.

ते बूटच एका दिवशी आतून ओले झाले. तारा ओढायचं काम चालू होतं, अर्ध्यावर उतरता येत नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना कॅम्पवर आणलं तेव्हा ते नीट चालत नव्हते. मोजे काढले तर बोटं मेणासारखी पांढरी. आम्ही सगळे खानदेशातले. थंडीत पाय गारठले की शेकोटीशी धरायचे, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. जामनेरचा आचारी होता, त्याने चुलीत लाकडं सारली. नानांनी पाय अगदी जवळ नेले.

आचारी म्हणाला, "नाना, भरीत करता का पायांचं? मागे घ्या."

"काहीच लागत नही रे भो. पाय मनाच शेतस का ते बी समजत नही."

पाय आपलेच आहेत का हेही कळत नाही, म्हटल्यावर सगळे हसले. मीही हसलो. बधिर पायाला चटका कळत नाही आणि असे पाय आगीशी धरायचे नसतात, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. सकाळी पायांवर मोठे फोड होते आणि बोटं काळसर झाली होती.

सुपरवायझरने मला गाडी काढायला सांगितली. खाली डांबरी रस्ता लागतो तिथे दवाखान्याची गाडी येणार होती. रात्री बर्फ पडून चाकोरी पूर्ण झाकली गेली होती. मी बुडाखालच्या टणकपणाच्या अंदाजाने गाडी हळूहळू नेत होतो आणि मधूनमधून त्यांच्या पायांकडे बघत होतो. ते घोंगडीत गुंडाळलेले होते.

"तू रस्ता देख," नाना म्हणाले. "मना पाय काय पळी जात नही."

 मग एकदाच, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कापतीन का रे?"

मी म्हणालो, "नाही नाना." मला काय माहीत होतं? खाली दवाखान्याची गाडी उभीच होती. दोघांनी त्यांना उचललं, दार लागलं. मला हात करायचा राहिला.

कॅम्पवर आलो तर त्यांचा फोन त्यांच्या उशाखाली सापडला. बंद पडलेला. तो सुपरवायझरकडे दिला, त्याने पोचवतो म्हणून ठेवला. त्यानंतर खालून जो कुणी वर यायचा त्याला मी नानांचं विचारायचो. एक म्हणाला, एक पाय गेला. दुसरा म्हणाला, काही झालं नाही, मलम लावून घरी पाठवलं. शेजारची जागा मोकळी ठेवून मी हंगाम संपेपर्यंत गाडी चालवली. दुसरा कुणी तिथे बसायला आला तर मला नकोसं व्हायचं, आणि कुणी आलं नाही तरीही.

परत येऊन जळगावला कॉलेजात नाव घातलं. खोलीवर आम्ही चौघं राहतो. तिघं संध्याकाळी फिरायला जातात, मी बहुतेक वेळा जात नाही. सुपरवायझरचा नंबर लागेनासा झाला होता. एका रविवारी पॅसेंजरने नरडाण्याला गेलो. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं, टॉवरवर चढणारे नाना, बर्फात कामाला होते, पायाला लागलंय.

टपरीवाला म्हणाला, "कोणता नाना? आठे घरोघर नाना शेतस. गावनं नाव सांगा, आडनाव सांगा."

मला दोन्ही माहीत नव्हतं. अर्धाअधिक हिवाळा मी त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. वडीलधाऱ्या माणसाला नाना म्हटलं की आमच्याकडे नाव विचारायचं कारणच उरत नाही. उलट विचारणं बरं दिसत नाही. त्यांनाही मी केळीवाला म्हणूनच माहीत. टपरीवरचे दोघं-तिघं आपापसात आठवत बसले. एक नाना विहिरीत पडलेले निघाले, एक सुरतेला गेलेले. चहा पिऊन मी परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो. घरी कुणाला सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात आचाऱ्याचा फोन आला. त्याला मी आधी दोनदा विचारलं होतं, त्यालाही काही माहीत नव्हतं.

"अरे, कॉलेजवाले साहेब, आहे का वेळ?"

"बोला भाऊ."

"धुळ्याला लग्नात होतो. पंगतीत समोर कोण? आपले नाना."

मी वर्गाबाहेर आलो. पाय कसे आहेत, एवढंच विचारलं.

"डाव्याची सगळी बोटं काढली. उजव्याची दोन. टॉवर सुटला. नरडाण्याला एका कारखान्याच्या गेटवर बसतात, खुर्ची दिलीय. चपलेत पाय धरत नाही म्हणून लग्नातसुद्धा बूट घालूनच आले होते. पण चालतात. ताट घेऊन स्वतः उठले."