राखणदाराची बाटली

दारूबंदीचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर एक अख्खं प्रकरण आमच्या घराण्याला द्यावं लागेल. आमच्या कोकणातल्या गावाचा राखणदार देव वेशीवर असतो आणि त्याला कोंबडा नि बाटली लागतेच. मुंबई राज्यात बंदी होती तेव्हा आजोबा ती बाटली पेंढ्यात लपवून न्यायचे. मागे अख्ख्या तालुक्याचे पोलीस. दर वर्षी सांगताना पोलीस वाढायचे.

मी पहिली नोकरी धरली ती कुवेतला. तिथे बाराही महिने देशभर बंदी. तिथून बहरीनला आलो, दारूच्या दुकानाची पाटी पाहिली आणि वाटलं, सुटलो. मी स्वतः घेत नाही. म्हणजे फारशी नाही.

पण बायकोचा फॅमिली व्हिसा काही केल्या होईना. दोन वर्षं संसार चालला तो फोनवरच. शेवटी आईने गावच्या वेशीवर राखणदाराला गाऱ्हाणं घातलं आणि मला न विचारता कबूल करून टाकलं, की येत्या अमावस्येला मुलगा तिकडूनच स्वतःच्या हाताने बाटली देईल.

अमावस्या आली ती रमजानच्या अगदी शेवटाला. दारूच्या दुकानांना महिनाभर कुलूप. ईद झाल्यावर देतो म्हटलं, तर आई म्हणाली, "राखणदार काय तुझो मॅनेजर आसा, तारीख पुढे ढकलूक?"

मग मी आमचा माहूजचा सगळा भाग पालथा घातला. आमच्या बिल्डिंगमधल्या पुणेकर इंजिनिअरांनी महिन्याआधी इतका साठा केला होता, की त्यात जहाज तरंगलं असतं. आता कपाटात एकच बाटली उरलेली, तिच्यात मनीप्लांट. ते म्हणाले, चार दिवस थांबा की. ज्याची बायको स्वयंपाकघरात भाकऱ्या थापतेय, त्याला थांबायला सांगणं सोपं जातं.

शेवटी माझा सातारकर रूममेट कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, बिनअल्कोहोलच्या बिअरचा डबा घेऊन आला.

"भाऊ, बिअरच लिवलंय की यावर. खालचं बारीक कोण वाचतंय?"

बेटाला वेस कुठली, तर किनारा. झल्लाकला गेलो. अजान झाली, लोक इफ्तारला बसले, किनारा मोकळा झाला. मी गाऱ्हाणं घातलं. सातारकर प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होता, मध्येच एकदा चुकून "इंशाल्ला" म्हणाला. डबा फोडला तर फेस एवढा उसळला, की समोर सौदीच्या किनाऱ्याला लागला असेल. तिथेही बंदीच.

ईदनंतर आठवड्यात व्हिसा आला. बघतो तर व्हिजिट. एका महिन्याचा.

आईला फोन करून महिन्याभराच्या व्हिसाचं सांगितलं. तिने आधी विचारलं, "त्येका दिलंस काय?"

"बिअर."

"कडक होती मा?"

मी म्हटलं, रेंज जातेय. ती म्हणाली, "जाऊंदे रेंज. जेवढा दिलंस, तेवढा त्येना दिल्यान."