इंजिनाचा विसावा

माझं पोस्टिंग कांदिवलीच्या ट्रान्सपोर्ट कॅम्पात होतं. हुद्दा हवालदार, काम गाड्यांच्या दुरुस्तीचं. युद्धातून उरलेल्या थ्री-टन लॉऱ्या आमच्याकडे होत्या. त्या लॉऱ्यांनी मला कधी छळलं नाही. छळलं ते माणसांनी. आता पेन्शन घेऊन मुलुंडला आलो, तरी तो छळ चालूच आहे.

आमच्या खाली सामंत राहतात. फोर्टात कचेरी, दाराशी सेकंडहँड मोटार. सकाळी इंजिन चालू करून ते आंघोळीला जातात. का, तर इंजिन गरम व्हायला हवं. त्यांची आंघोळ, पूजा, चहा होईपर्यंत सगळी बिल्डिंग धूर खाते. मी म्हटलं, "अहो, हळू चालवत न्या, वाटेत आपोआप गरम होते." तर म्हणाले, "तुमचं मिलिटरीचं वेगळं असतं हो, हवालदार." काय डोंबल वेगळं असतं? आत कोण बसलंय ते इंजिनाला कळतं का? संध्याकाळी बंद करण्याआधी हे गृहस्थ ॲक्सिलरेटर जोरात दाबतात, म्हणजे म्हणे सकाळी पटकन स्टार्ट होते. ताकद यावी म्हणून टाकीत डांबराच्या गोळ्या टाकतात. त्याच गोळ्या त्यांच्या ट्रंकेत साड्यांमध्येही असतात. मी कपाळाला हात लावून वर येतो.

हे सगळं मी सोसलं. पण मागच्या आठवड्यात ते म्हणाले, "पवईच्या उतारावर मी गिअर काढून इंजिन बंद करतो. पेट्रोल वाचतं, इंजिनालाही आराम." तेव्हा मी असा ओरडलो, की आमची मंडळी पोळपाट सोडून बाहेर आली. एवढं काय झालं ते कोणालाच कळेना. म्हणून हे लिहितो आहे.

कॅम्पात सकाळी पी.टी., मग परेड, मग मेंटेनन्स. ऑइल, पाणी, टायर. तिथेही शहाणे कमी नव्हते. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं की जवान ते ओतून द्यायला निघायचे. अरे, ते इंजिनातली घाण स्वतःकडे घेतं म्हणून काळं होतं. लादी पुसताना फडकं काळं झालं तर फडकं बिघडलं म्हणतोस का? "नाही, उस्ताद." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या सगळ्यांच्या वरताण होता ड्रायव्हर दत्ताराम तांडेल. वेसाव्याचा कोळी. रुंद खांदे, सदा हसरा. त्याच्या लॉरीचं इंजिन ऑइल जाळायचं, मागून निळा धूर निघायचा. त्याला वाटायचं, बिचारं दमलंय. म्हणून उतार आला की हा न्यूट्रल करून इंजिन बंद करायचा आणि लॉरी सोडून द्यायचा.

"तांडेल, उतारावर गिअर काढायचा नाही. ऑर्डर आहे."

"उस्ताद, वारा हाय तर वल्हं कोन मारतो?"

"ही होडी नाही रे."

"होडीलापन विसावा लागतो, उस्ताद."

माणूस दमतो, बैल दमतो. लोखंड दमत नाही, झिजतं. उतारावर गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. शिवाय त्या लॉऱ्यांच्या ब्रेकला जोर मिळायचा तो चालू इंजिनाकडून. इंजिन बंद केलं, दोनतीनदा पेडल दाबलं, की पुढे पेडल हलत नाही. मी त्याला उभ्या लॉरीत बसवून हे करून दाखवलं. त्याने पाय दाबला. "दगड झाला की, उस्ताद," म्हणाला, आणि हसला. कॅप्टनसाहेबांनी एक्स्ट्रा ड्यूटी दिली. ती संपली आणि याचं पुन्हा तेच सुरू. मी खवळायचो. रविवारी घरून येताना हा माझ्यासाठी सुके बोंबील आणायचा. मग राग तरी कसा धरायचा?

त्या दिवशी तीन लॉऱ्या सिमेंट घेऊन मुलुंडला निघाल्या. मध्ये तांडेल, शेवटच्या लॉरीत मी. निघताना सगळ्यांसमोर बजावलं.

"पवईच्या उतारावर थर्ड गिअर. तांडेल, ऐकलंस?"

"येस, उस्ताद."

तलाव मागे पडला. उतार लागला. पुढे निळा धूर दिसत होता. मग धूर थांबला.

"बंद केलं त्याने," मी माझ्या ड्रायव्हरला म्हणालो. "हॉर्न दे. देत राहा."

पुढची लॉरी लांब लांब जाऊ लागली. तिच्यात शेजारी बसलेल्या शिपायाने नंतर सांगितलं, की ब्रेक दगड झाला होता. गिअर पडेना. सेल्फ मारला, इंजिन लागलं नाही. खाली वळणावर रस्त्याकडेला भाजीवाल्या पाट्या उतरवून बसल्या होत्या. उजवीकडे डोंगर होता, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. "घट धर," एवढंच तो शिपायाला म्हणाला, आणि त्याने लॉरी डोंगराला घासत नेली.

भाजीवाल्यांना काही झालं नाही. शिपायाचा हात मोडला. मी धावत पोचलो तेव्हा दत्ताराम गेला होता.

लॉरीची तपासणी माझ्याकडे आली. उजवी बाजू चेपून गेली होती. बॉनेट उघडलं. इंजिनाला साधा ओरखडा नव्हता. मी त्याच्या पिस्टनला नव्या रिंगा घातल्या आणि ते दुसऱ्या लॉरीत बसवलं. माझी बदली होईपर्यंत ते चालत होतं. धूर नाही, काही नाही.

पुढे एका रविवारी मी वेसाव्याला गेलो. त्याचे वडील जाळं विणत होते. त्यांनी मला बसायला लावलं, पाणी दिलं. पुन्हा जाळं हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "त्याच्या गाडीचं इंजान कसं हाय?"

"चालतंय," मी म्हणालो. "दुसऱ्या गाडीत बसवलंय."

ते मान हलवत राहिले. "जपायचा त्याला. उतारावर विसावा देयाचा, मला सांगायचा. म्हनून टिकलं, नाय?"

हातातलं जाळं थांबवून ते माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं. रोज सकाळी परेडनंतर मी ते घसा फोडून सांगत आलो होतो.

"हो," मी म्हणालो. "त्याने जपलं म्हणूनच टिकलं."

जन्मभरात ही एवढीच समजूत मी खोडून काढली नाही.