हव्वेचा अर्धा शब्द

व्हेलिकामावशींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एका पानाच्या डोक्यावरची दोन अक्षरं. लोकांना घर हवं असतं, नवरा हवा असतो, गेलाबाजार धड गुडघे तरी. ह्यांना अक्षरं! आमच्या गावच्या ग्रंथालयात मी पुस्तकं शिवते. तीस वर्षं, जुन्या पोथ्या वाचणाऱ्या मावशींच्या शेजारच्या टेबलावर बसले, म्हणून हे मीच सांगणार. दुसरं कुणी सांगायला बसलं तर त्यांची संतीण करून टाकतील, आणि संतीण वगैरे मुळीच नव्हत्या त्या. पोथीजवळ कुणी चहाचा कप ठेवला तर अंगावर धावून यायच्या.

ती पोथी म्हणजे बायबलात जागा न मिळालेली आदाम-हव्वेची गोष्ट. चारशे वर्षांपूर्वी कुण्या धर्मगुरूनं आमच्या जुन्या भाषेत उतरवून काढलेली. बागेतून हाकललेली हव्वा आता म्हातारी झालीय, शेवटचे श्वास मोजतेय, आणि मुलाला म्हणते, "जा बाळा, त्या दारापाशी जा, आणि माझ्यासाठी माग वो–" झालं. तिथं पान संपतं. पुढचं पान कधीच फाटून गेलेलं, आणि शब्दाची उरलेली, आमच्या लिपीतली दोन अक्षरं त्याच्याच डोक्यावर.

राजधानीतल्या प्राध्यापकांनी बिनदिक्कत छापून टाकलं, 'वोदा', म्हणजे पाणी. मरणाऱ्याला तहान लागते, संपला विषय. मावशी म्हणायच्या, "पाणी काय बागेबाहेर नव्हतं? तिला बागेचा वास हवा होता." वासाला शब्द 'वोन्या'. आता आम्ही हा शब्द तुंबलेल्या गटाराला वापरतो, पण त्या काळी वोन्या म्हणजे सुगंध. भर सभेत प्राध्यापक हसले, "बाईंची हव्वा उकिरडा मागतेय!" सगळे खिदळले. परतीच्या बसमध्ये मावशी रडल्या. "मी चुकले असेन तर चुकले, गिने," म्हणाल्या, "पण मला बघायचंय गं. एकदाच बघायचंय."

ते पान कुठं आहे हे ठाऊक होतं, हीच तर पंचाईत. शेजारच्या ग्रीसमधल्या आथोसच्या पवित्र डोंगरावर, एका मठात. आणि त्या डोंगरावर हजार वर्षं बाईला पाऊल टाकू देत नाहीत. हव्वेचे शेवटचे शब्द, आणि ठेवले कुठं, तर जिथं तिच्या एकाही लेकीला मज्जाव! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते. पत्रांना उत्तरं नाहीत. मग मावशी जाणाऱ्या पुरुषांची मनधरणी करायच्या. एकानं भलत्याच पानाचा फोटो आणला. एक नुसताच रकियाची दारू पिऊन आला आणि साधूंच्या पाहुणचाराचं कौतुक सांगत बसला. एक तर तिथंच साधू होऊन राहिला, मेला!

ग्रीसची सरहद्द सगळ्यांना खुली झाली तेव्हा आम्ही दोघी गेलो. तिथं बायकांना होडीतून लांबूनच डोंगर दाखवतात. होडीत लोक सँडविचं खात होते, फोटो काढत होते. मावशी कठड्याला धरून उभ्या. "कुठल्या खिडकीत असेल गं?" मी दिलं ठोकून, "ती बघा, डावीकडून तिसरी." होडी वळेपर्यंत त्या खिडकीवरून त्यांची नजर हलली नाही.

पुढं त्यांच्या छातीनं दगा दिला, अंथरूण धरलं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या नवऱ्याला, मानोलला, त्याच मठात पाण्याचे नळ दुरुस्त करायचं काम मिळालं. मी उडालेच. मावशींनी मात्र मला दटावलं. "त्याला एक अक्षर सांगायचं नाही. काय हवंय ते कळलं की माणसाला तेच दिसतं. त्यानं नुसतं 'वो–'च्या पुढचं वाचून यावं." मी तोंड शिवून घेतलं.

तीन आठवड्यांनी मानोल आला तो तडक त्यांच्या खाटेपाशी. "वाचलं, मावशी. साधूबाबांनी दाखवलं पान." टोपी हातात फिरवत म्हणाला, "पाणी. हव्वेनं पाणी मागितलंय."

मावशी म्हणाल्या, "तहान लागली असेल बिचारीला." प्राध्यापकांना पत्र सांगितलं, 'तुमचं बरोबर होतं.' मीच ते पेटीत टाकलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवणही टाकलं.

रविवारी दुपारी मानोल घेवड्याचं सूप पुढ्यात घेऊन नुसता चमचा फिरवत बसलेला. "काय रे, खारट झालंय?"

"गिना, मी खोटं बोललो. तिथं पाणी नव्हतं लिहिलेलं." कानापर्यंत लाल झाला होता. "घाण वास मागितलाय गं तिनं. वोन्या! मरायला टेकलेल्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या हव्वेनं शेवटी दुर्गंधी मागितली?"

मी ॲप्रनसकट धावत सुटले. मूर्ख, गाढव, देवा, किती चांगला माणूस! जिन्यावरूनच ओरडले, "वोन्या आहे, मावशी! वोन्या!"

त्यांना कळायला क्षणभर लागलं. मग इतक्या हसल्या की खोकल्यानं जीव घाबरा झाला, आणि मग रडल्या. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता प्राध्यापकांना लिहिते, चांगले वाभाडे काढते. "राहू दे गं पत्र," म्हणाल्या. मानोल दारात चोरासारखा उभा होता. त्याला जवळ बोलावलं.

"तिथं वास कसला येतो रे?"

"मेणाचा," तो आठवत म्हणाला. "ओल्या लाकडाचा. आणि बाहेर कसलीशी झुडपं आहेत, दुपारी तापली की... मला नाही हो सांगता येत, मावशी."

"सदरा कुठला घातला होतास तिथं?"

"हाच की."

त्यांनी हात पुढं केला. मानोलनं माझ्याकडे बघितलं. मी कुठं बघू मला कळेना. तो आल्या आल्या मी तो सदरा दोनदा घासून धुतला होता, उन्हात वाळवला होता, इस्त्री केली होती. मानोल तसाच वाकला. मावशींनी त्याची बाही नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि बराच वेळ सोडलीच नाही.

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"छान आहे हो साबण, गिने," म्हणाल्या.