अभ्यास ऐकणारं घर

मी शाळेत गेले नाही. धाकटा भाऊ जायचा, चौथीपर्यंत गेला. त्याचं पुस्तक घरात पडलेलं असायचं, त्यावरून भाकरी थापता थापता मी अक्षरं जुळवली. तेव्हा मला वाचता येतं ते मनातल्या मनात, मोठ्यानं वाचायला शिकवणारं कोणी नव्हतंच, बरं का. भावाचं उलटं. त्याच्या शाळेत सगळी पोरं एका दमात पाढे ओरडायची आणि गुरुजी ओसरीवर बसून कान लावायचे. ज्याचा आवाज खाली गेला त्याच्या हातावर छडी. अभ्यास म्हणजे आवाज, हे तेव्हा त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मालक गेले तशी मी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ आमच्या गावी भावाकडे राहायला आले. त्याला एकच मुलगी, मला ती फुई म्हणते, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. बारावी सायन्सला होती, बसनं शहाद्याला जायची. नर्स व्हायचं होतं तिला. भावानं सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर नंदुरबारला नर्सिंगला घालतो, नाही झालीस तर शिरपूरकडचं स्थळ थांबलेलं आहे.

तो काही दुष्ट माणूस नाही हो. लेकीसाठी त्यानं काय केलं नाही? टीव्ही गुंडाळून माळ्यावर टाकला. ओसरीवर भजन बसायचं ते दुसऱ्या आळीला लावून दिलं. पपई भरायला माणसं आली की त्यांना म्हणायचा, हळू बोला रे, पोर अभ्यास करते. वहिनी भांडीसुद्धा मागे हौदाजवळ नेऊन घासायची. सगळं घर गप्प, आणि त्या गप्प घरात एकटी तीच बोलायची.

भाऊ ओट्यावर ठिबकच्या नळ्या साफ करत बसायचा. आतला आवाज जरा थांबला की हाक.

"काय वं माय, आवाज काबर बंद शे?"

"वाची ऱ्हायनू ना, आप्पा."

"मंग मोठा वाच. आम्हले समजाले पाहिजे."

आणि पोर पुन्हा सुरू. घसा बसला तर वहिनी हळद-दूध करून द्यायची, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची, आणि परत बसवायची. तीही बिचारी मायेनंच करत होती.

एकदा दुपारी मी तिच्यापाशी शेंगा फोडत बसले. पोरगी इतिहासातलं काही घडाघडा म्हणत होती आणि नजर भलत्याच पुस्तकात. मी म्हटलं, हे म्हणतेस ते तर दहावीचं ना गं? तेव्हा कुजबुजली, "फुई, फिजिक्सनं गणित बोंबलीसन कसं करू मी?" पाठ असलेला जुना धडा तोंडानं म्हणायचा आणि त्याच्या आडून गणित करायचं, असं चाललं होतं तिचं. पण तोंड चालू असताना डोकं दुसरीकडे किती चालेल? दोन ओळी मांडायची, खोडायची. आणि बाहेर बाप खूश, कारण धडा अडखळत नव्हता.

मी भावाला समजावलं. म्हटलं, तिला मनातल्या मनात वाचू दे, काही वाचन तोंड मिटल्याशिवाय होतच नाही, माझंच बघ. तो हसला. "आक्का, तू पुड्याना कागद वाचस. तुन्ही परीक्षा कोन ली ऱ्हायना?" वहिनीही हसली. किराण्याच्या पुड्यांचे कागद मी वाचत बसते हे खरंच, आणि माझी परीक्षा कोणी घेत नव्हतं हेही.

निकाल मोबाईलवर आला. मराठी, इंग्रजीत बरे मार्क होते. फिजिक्समध्ये गेली, केमिस्ट्रीतही. भाऊ मोबाईल हातात धरून नुसता उभा. "रोज तं वाचे ना ती! मी सोता आयकेल शे!" हेच पुन्हा पुन्हा.

जुलैला परत परीक्षा होती. शिरपूरवाल्यांना त्यानं थांबायला सांगितलं, तेवढं मन मोठं केलं. आणि लेकीला म्हणाला, "आते मनमाच वाच. कोनी काही बोलाव नही." तिनं दार लोटून घेतलं. आतून काहीच ऐकू येईना. भाऊ ओट्यावर, हातातली नळी हातातच. थोडा वेळ कसाबसा काढला त्यानं, मग, "माय, जागी शेस ना?" आतून "हो." परत थोड्या वेळानं, "वाची ऱ्हायनी ना?" परत "हो." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्याला त्या शांततेत पोर दिसायचीच नाही. मी दोनदा त्याला हाताला धरून शेतात नेलं. दोन्ही वेळा पाणी प्यायचं निमित्त करून घरी आला.

एका सकाळी ती पुस्तकं घेऊन बाहेर आली. फळीवर ठेवली. चुलीपाशी जाऊन वहिनीला म्हणाली, "माय, त्या लोकस्ले बलाई ले." म्हणजे शिरपूरवाल्यांना. रडली नाही. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, अगं पोरी, परीक्षेला अजून वेळ आहे. तर म्हणते, "फुई, पुस्तक उघडं की मन्हं ध्यान दारकडेच ऱ्हास."

लग्न परीक्षेच्या आधीच झालं.

लहान पोरांचे आईबाप मला कधी विचारतात, आम्हाला शिक्षण नाही, पोराला अभ्यासात मदत काय करणार? मी सांगते, जागा द्या, दिवा द्या, वेळेला जेवू घाला आणि उठून जा. काय अडलं ते त्यानं येऊन सांगेपर्यंत विचारू नका. ऐकून घेतात. पटतंच असं नाही.

भाऊ अजून मला विचारतो, "आक्का, काय कमी करं मी?" कमी काहीच केलं नाही त्यानं, हे त्याला कसं सांगू? मी त्याच्या ताटात भाकरी वाढते. सणाला लेक येते, आईबरोबर स्वयंपाक करते, आणि बाप ओट्यावरून हाक मारतो तेव्हा हातातलं टाकून लगेच ओ देते.