पोस्टकार्डाची कबुली

ही घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. तिची नोंद कुठल्याही ठाण्यात नाही, कारण ती मी पोलिसातून निवृत्त झाल्यावर, डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात मुलीच्या घरी घडली.

शेजारच्या आयरिश आजींनी माझ्या नातीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक जुनं पोस्टकार्ड दिलं होतं. शहरातल्या एका जुन्या हॉटेलची रंगीत जाहिरात. आजींची आई तिथे खोल्या आवरायची. ती स्वतः राहायची त्या खोलीच्या खिडकीवर तिनं शाईनं फुली मारली होती. आईची तेवढीच वस्तू आजींकडे उरली होती. खंडेनवमीच्या दुपारी ते कार्ड सापडेना.

"काल ती बराच वेळ कार्ड न्याहाळत होती," बायको म्हणाली. ती म्हणजे नातीला सांभाळायला येणारी ब्राझीलची बाई. मला एवढी खबर पुरली.

कपाटं, दप्तर, कचऱ्याचा डबा, सगळ्याची झडती घेतली. मग तिला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावलं आणि मोडक्या इंग्रजीत नेहमीचा डाव टाकला. "बघणाऱ्यानं बघितलंय. खरं सांग, पोलिसांत जाणार नाही."

बाहेरून नात ओरडली, "आबा, स्टॉप! शी डिडन्ट टेक इट!"

मी लक्ष दिलं नाही. बाई नाही म्हणत राहिली. शेवटी मी व्हिसाचा विषय काढला, तशी ती रडू लागली. "घेतलं. हरवलं. सॉरी."

संध्याकाळी मुलगी हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून आली आणि तिनं बाईला कामावरून काढलं. मी मिशीला पीळ देत चहा प्यालो.

दसऱ्याला सरस्वतीपुढची पुस्तकं उचलली, तर कार्ड त्यांतच. बायकोनं आदल्या सकाळी टेबलावरची सगळी चळत न बघता वस्त्रात बांधून पूजेला मांडली होती. फुलं मीच वाहिली होती. पूजेतली पुस्तकं हलवायची नसतात, म्हणून तेवढीच जागा मी तपासली नव्हती.

घराची किल्ली परत द्यायला बाई आली, तेव्हा मी हात जोडून माफी मागितली. मुलीनं कामावर परत यायची विनवणी केली. तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"पण घेतलं नव्हतंस, तर हो का म्हणालीस?" मी विचारलं.

"नाही म्हटलं की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून विचारत होता."

माझ्या निरोपसमारंभात एक वरिष्ठ म्हणाले होते, यांच्यापुढे बसलेला माणूस कबूल झाल्याशिवाय उठत नाही. खूप टाळ्या पडल्या होत्या. माझ्यापुढे कबूल झालेल्यांतल्या किती जणांना फक्त त्या खुर्चीवरून उठायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला त्यांतलं कुणी माझ्यासमोर नाही.